दुतियंपि

"बरं, मंग?"

काहीही सांगा, त्यांचं पहिलं उत्तर हेच असायचं. मॅनेजर चिडलाय म्हटलं तर "बरं, मंग?" रात्रीतून फूटभर बर्फ पडलाय, बस बंद आहेत म्हटलं तरी "बरं, मंग?" पहिल्या महिन्यात मला वाटायचं, हा माणूस आपली टिंगल करतो. पुढे लक्षात आलं की त्यांना खरंच पुढचं ऐकायचं असतं. झालं ते झालं, आता तू काय करणार आहेस, एवढंच ते विचारत. तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस असेल, ज्याच्यासमोर आपलं रडगाणं दोन वाक्यांच्या पुढे जात नाही. माझ्या पाहण्यात हे एकच आले. त्यांच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात आहे. नीट जमेल की नाही, ठाऊक नाही.

कोक्विटलाममधल्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी शनिवार-रविवार आणि कॉलेज सुटल्यावर दोन संध्याकाळी कॅशवर उभी राहायचे. वडील परभणीला एसटीच्या वर्कशॉपमध्ये, आई अंगणवाडीत मदतनीस. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मीच, आणि ते कॉलेजही एकदम कॅनडातलं, त्यामुळे आमच्या गल्लीला माझ्याबद्दल जेवढी खात्री होती त्याच्या पावपटसुद्धा मला स्वतःला नव्हती. माझ्या डाव्या हाताला चाव्या बनवायचं आणि धार लावायचं काउंटर होतं. तिथे काका असत.

सत्तरीचे, ठेंगणे, दुकानाच्या लाल एप्रनखाली इस्त्रीचा शर्ट आणि गळ्यापर्यंत लावलेलं बटण. मूळचे नागपूरचे. तरुणपणी इकडे आले आणि फ्रेझर नदीकाठच्या लाकडाच्या मिलमध्ये तीस वर्षं करवतींना धार लावत राहिले. रिटायर झाल्यावर घरात करमेना म्हणून या दुकानात आले. कुणी हातकरवत घेऊन आला की कानस उचलण्याआधी ते पात्याला नखाने टिचकी मारत आणि कान लावत. कुठला दात बोथट झालाय ते म्हणे आवाजावरून कळतं. मग गिऱ्हाइकालाही ऐकायला लावत. बिचारं गिऱ्हाईक वाकून ऐके आणि काही न कळता मान हलवे. एकदा मी म्हटलं, काका, मलाही काही ऐकू येत नाही. तर म्हणाले, "मले तरी पहिले पाच वर्ष कुठं येत होतं? मीपण मानच हलवत होतो."

माझ्या पहिल्या एप्रिलचा रोस्टर लागला तेव्हा मी चौदा तारखेची सुट्टी मागितली होती. कारण लिहिलं होतं, फॅमिली फंक्शन. मिरवणुकीतून वडील व्हिडिओ कॉल करणार होते. काका त्या कागदासमोर चष्मा वर करून उभे होते. त्यांचं बोट चौदा तारखेवर क्षणभर थांबलं आणि ते काउंटरवर गेले. पंधरा तारखेला मी कामावर आले, आसपास कुणी नव्हतं, तेव्हा हळूच म्हणाले, "जय भीम, परभणी."

मी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग रंगाच्या डब्यांच्या रांगेकडे. त्यानंतर मीही जय भीम म्हणाले, तेही इतकं हळू की माझं मलाच नीट ऐकू आलं नाही.

"रंगाचे डबे मराठी समजत नाईत," ते म्हणाले.

मी डावीउजवीकडे का पाहिलं ते सांगायला हवं. आमच्या बेसमेंटमध्ये आम्ही तिघी राहत होतो. ऋचा पुण्याची, जसलीन लुधियानाची आणि मी. ऋचाबद्दल मी वाईट लिहिलं तर ते खोटं होईल. स्कायट्रेनचं कार्ड कसं भरायचं, प्रोफेसरला ईमेल कसा लिहायचा, हे सगळं मला तिने शिकवलं. माझी बॅग विमानतळावर राहिली तेव्हा चार दिवस मी तिचे कपडे घातले. त्याच आठवड्यात तिने भांडी विसळता विसळता विचारलं, "तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा असतो गं?"

तुम्ही मराठी असाल तर तुम्हाला माहीत आहे, हा प्रश्न नेहमी गणपतीपुरताच नसतो. ऋचाने तो तसा विचारला होता की सहज, हे मला आजही सांगता येणार नाही. मला मात्र तो शाळेतल्या त्या बाकावर बसून ऐकावा तसा ऐकू आला, जिथे एका मुलीने आडनाव विचारून झाल्यावर डबा जरा पलीकडे सरकवला होता. माझ्या आडनावावरून चटकन काही कळत नाही.

"दीड दिवसाचा," मी म्हणाले.

तीन आठवड्यांनी गणेश चतुर्थी आली. तुला घरच्या गणपतीची आठवण येत असेल ना, असं म्हणत ऋचाने मोदक करायला घेतले. आयुष्यात पहिल्यांदाच. उकड चिकट झाली, कळ्या पडेनात, तीन तास ती ओट्याशी उभी होती. राइस कुकरमध्ये वाफवलेले मोदक बाहेर निघाले तेव्हा सगळे फाटलेले होते. मी पाच खाल्ले. त्यानंतर खरं कसं सांगणार? दीड दिवसाचा तो गणपती दीड वर्ष चालला.

पुढच्या वर्षी ऋचाला एका विषयात शहरातल्या जुन्या वस्तीवर फोटो काढून लिहायचं होतं. जसलीनला चेरीची फुलं हवी होती, फोटोत मागे. व्हॅंकुव्हरच्या पावेल स्ट्रीटला एके काळी जपानी लोकांची मोठी वस्ती होती, देऊळ अजून आहे, आमच्या दुकानातले काका दर रविवारी तिथे जातात, असं माझ्या तोंडून निघून गेलं. कोण काका? मराठी? आणि तू इतके दिवस बोलली नाहीस? ऋचाने तिथल्या तिथे रविवार ठरवून टाकला. काकांना विचारायचं काम माझ्याकडे.

मी त्यांना विचारलं ते असं विचारलं.

"काका, माझ्या रूममेट्स येतो म्हणतात. पण ऋचाला माहीत नाही."

"काय माहीत नाई?"

"आपलं."

"बरं, मंग?"

मी दीड दिवसापासून मोदकांपर्यंत सगळं सांगितलं. मध्येच एक बाई चावी बनवायला आल्या. मशीनची घरघर संपेपर्यंत मी कॅशवरचे पेन सरळ करत राहिले. बाई गेल्यावर काकांनी विचारलं, "किती खाल्ले?"

"काय?"

"मोदक."

"पाच."

"मंग तर लय कठीण आहे," ते म्हणाले. एप्रनवरचा चावीचा कीस झटकून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मी नाई सांगणार. तुझी गोष्ट आहे. तू सांग, नाईतर नको सांगू. पण माझी मले कोणी विचारली तर मी सांगीन. माझी मी लपवत नाई."

मला सुटल्यासारखं वाटलं. त्याच वेळी त्यांच्या तोंडाकडे पाहवेनासं झालं.

एप्रिलमधला रविवार होता. त्या दिवशी देवळात फुलांचा सण, बुद्धाच्या जन्माचा. पाऊस म्हणावा तर पडत नव्हता आणि छत्री मिटावी तर भिजत होतो. काका स्टेशनवर आमच्या आधी येऊन उभे होते. ऋचा आणि जसलीनची नावं त्यांनी ऐकून घेतली आणि लगेच बाजूला ठेवली. दिवसभर आम्ही पुणे, लुधियाना आणि परभणी. "ए लुधियाना, पीछे मत रहना." "पुणे, फोटो नंतर, आधी डोळ्यानं पाहून घे."

पावेल स्ट्रीटवर आता पाहण्यासारखं फार नाही, असं कुणीही म्हणेल. विटांच्या जुन्या इमारती, बंद शटर, पार्कात बेघर लोकांचे तंबू. चेरीची झाडं मात्र भरून आलेली होती, त्या तंबूंवरही पाकळ्या पडलेल्या. तंबूबाहेर बसलेल्या एका माणसाने काकांना हाक मारली, काकांनी त्याच्या पायाची चौकशी केली. मग ते आम्हाला वस्ती दाखवू लागले. इथे तोफूवाला. इथे तांदळाचं दुकान. इथे आंघोळीची जागा, गरम पाण्याची, शनिवारी रांग लागायची. पोरांची बेसबॉलची टीम या पार्कात खेळायची, गोऱ्यांच्या टीमला हरवायची. ते असं सांगत होते की जणू तोफूवाला त्यांना रोज सुटे पैसे परत देत असे. ऋचाने मध्ये विचारलं, काका, तुम्ही पाहिलंय हे सगळं?

"छे. मी यायच्या तीस वर्ष आधी संपलं हे," ते म्हणाले. "बेचाळीस साली."

मिलमध्ये त्यांना काम शिकवणारा उस्ताद या गल्लीत जन्मला होता. काका त्याला उस्तादच म्हणत. जपानशी लढाई सुरू झाली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. समुद्रकिनाऱ्यावर राहणाऱ्या सगळ्या जपान्यांना सरकारने उचललं. इथे जन्मलेल्यांनाही. आधी प्रदर्शनाच्या मैदानावरच्या गुरांच्या गोठ्यांत ठेवलं, मग आत डोंगरांत छावण्यांमध्ये धाडलं. मागे राहिलेली घरं, दुकानं, बोटी सरकारनेच विकून टाकल्या. लढाई संपल्यावरही काही वर्षं कुणाला परत येऊ दिलं नाही.

"बेचाळीस म्हणजे आपल्याकडे चले जाव चालू होतं तेव्हा," ऋचा म्हणाली.

"हाव. आपण तिकडं गोऱ्याले म्हणत होतो, जा. इकडं गोरा यांले म्हणत होता, जा." काकांनी पार्काकडे बोट केलं. "फक्त हे लोक इथलेच होते."

उस्तादाने ही हकिकत स्वतःच्या मुलांनाही सांगितली नव्हती. काकांना सांगितली ती ओळख झाल्यावर दहाव्या वर्षी, करवतीवर कानस मारता मारता, मान वर न करता. ऋचाने वही काढून लिहून घ्यायला सुरुवात केली होती. लिहिता लिहिता तिने विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात त्यांना?

"मी माझं सांगितलं. मंग तो म्हणाला, तुझा बुद्ध आणि माझा बुद्ध एकच आहे का पाहू, चल. आणि या देवळात घेऊन आला."

"म्हणजे तुम्ही..." ऋचा वही खाली करत म्हणाली.

"मी बौद्ध आहे ना, बाई. छप्पन साली मी आठ वर्षांचा होतो. नागपूरले, बापाच्या खांद्यावर बसलो होतो. जिकडं पाहावं तिकडं पांढरे कपडे. खांद्यावर चढलो तेव्हा आमाले लोक काय काय म्हणत होते. खाली उतरलो तेव्हा आम्ही बौद्ध होतो."

त्यांनी हे आवाज चढवूनही सांगितलं नाही आणि उतरवूनही नाही. तोफूवाल्याचं दुकान दाखवलं त्याच आवाजात सांगितलं. जसलीनला ऋचाने हिंदीत समजावलं. ऋचा म्हणाली, भारीच आहे काका, मी वाचलंय याबद्दल, पण तिथे असलेलं माणूस पहिल्यांदाच पाहिलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. शब्द दिला होता ना. मी फोनमध्ये डोकं घालून आभाळाचा फोटो काढत होते. आभाळात काहीच नव्हतं. आठ वर्षांच्या त्या पोराचा मला अभिमान वाटत होता, आणि मी त्याच्यापासून दोन हात लांब उभी राहून दुसरीच कुणी असल्यासारखं करत होते.

देऊळ बाहेरून एखाद्या शाळेसारखं दिसतं. बाजूच्या दाराने आत गेलं की बूट काढायचे. आम्ही तिघींनी काढले, जसे पडले तसे टाकले आणि पुढे गेलो. मागे वळून पाहते तर काका गुडघ्यावर बसून आमचे बूट उचलत होते. एकेक जोड उचलायचा, फिरवायचा, तोंड दाराकडे करून रांगेत लावायचा. जपानी लोकांची ही रीत आहे, परत जाताना पाय सरळ बुटात जावा म्हणून.

आपल्या माणसाने खाली बसून पुण्याच्या मुलीचे बूट उचलायचे? आजोबांच्या तोंडून ऐकलेलं सगळं एकदम वर आलं. मी पुढे होऊन त्यांच्या हातातून ते बूट घेणार, एवढ्यात ऋचाच ओरडली, "काका, नका ना हो. माझे बूट तुम्ही कशाला उचलता? मला कसंतरी होतं."

काकांनी तिचे बूट शांतपणे रांगेत लावले, उठताना भिंतीला हात टेकला आणि म्हणाले, "कायले? मले कोणी सांगितलं नाई उचल म्हणून. कोणी सांगितलं असतं तर या जन्मात हात लावला नसता." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "परभणी, तुझ्या बुटाले चिखल लय."

हॉलमध्ये साठेक माणसं असतील, बहुतेक म्हातारी, थोडी लहान मुलं. समोर फुलांनी मढवलेला छोटा मांडव आणि त्यात वीतभर उंचीचा बाळबुद्ध. एकेकाने जायचं आणि पळीने त्याच्या डोक्यावर गोड चहा ओतायचा. जसलीनला हे फार आवडलं, ती दोनदा जाऊन आली. काकांना सगळ्या आज्या ओळखत होत्या. फायलर-सान, म्हणजे कानसवाले साहेब, म्हणत होत्या. एकीने घरून आणलेली कात्री त्यांच्या हातात दिली, त्यांनी तिथेच नखाने टिचकी मारून ऐकली आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवली.

आम्ही एका बाकावर बसलो. काका, मी, ऋचा, जसलीन, अशा क्रमाने. घंटा वाजली. धर्मगुरू इंग्रजीतच बोलले, पुस्तक उघडायला सांगितलं आणि म्हणायला सुरुवात केली. मला वाटलं होतं, आता जपानीत काहीतरी सुरू होईल. पण साठ माणसांनी एका लांब, संथ सुरात म्हटलं:

बुद्धं सरणं गच्छामि.

उच्चार वेगळे होते, चाल तर फारच वेगळी होती. पण शब्द आमच्या गल्लीतले होते. दर रविवारी सकाळी विहाराच्या सतरंजीवर, पांढरा फ्रॉक घालून, आईच्या मांडीला टेकून म्हटलेले. मी म्हणायला लागले आहे हे मला कळलंसुद्धा नाही. धम्मं सरणं गच्छामि. संघं सरणं गच्छामि. डोळे मिटलेले होते.

आपल्याकडे हे तीनदा म्हणतात. पहिल्यांदा झालं की दुतियंपि, म्हणजे दुसऱ्यांदाही. मग ततियंपि, तिसऱ्यांदाही. मध्ये श्वास घ्यायलासुद्धा कुणी थांबत नाही. त्या देवळात मात्र एकदाच म्हणून थांबतात, हे मला कुठे माहीत होतं?

"दुतियंपि बुद्धं सरणं गच्छामि," मी म्हणाले. मोठ्याने, स्पष्ट, परभणीच्या चालीत. आणि आजूबाजूला कुणीच काही म्हणत नाही हे मला ऐकू आलं.

मी डोळे उघडले. पुढच्या रांगेतल्या दोन आज्या मागे वळून पाहत होत्या. घंटेवर मारायचा दांडा धर्मगुरूंच्या हातात तसाच होता. ऋचा माझ्याकडे बघत होती. आता थांबायचं, सॉरी म्हणायचं आणि गप्प बसायचं, एवढंच करायला हवं होतं. तेव्हा शेजारून जाड, थोडा घोगरा आवाज आला. "दुतियंपि धम्मं सरणं गच्छामि." काका समोर बघत म्हणत होते, सावकाश, मला पकडता येईल असं. मी पकडलं. दुतियंपि संघं. मग ततियंपि तिन्ही. आम्ही दोघं ते पूर्ण म्हणालो, आणि साठ माणसं आमचं होईपर्यंत थांबली. त्यानंतरच घंटा वाजली.

इतकी भीती वाटूनही मला इतकं बरं यापूर्वी कधी वाटलं नव्हतं.

नंतर चहाला धर्मगुरू मुद्दाम आमच्याकडे आले. मी माफी मागू लागले तर त्यांनी हात हलवून ती बाजूला केली आणि तीनदा का म्हणता, असं विचारलं. काका म्हणाले, एकदा म्हटलं तर तोंडानं होतं, तीनदा म्हटलं की माणूस ऐकायले लागतो. ते गेल्यावर काका बशीतलं तांदळाचं बिस्किट मोडत मला म्हणाले, "चाळीस वर्ष मी पहिल्यालेच थांबतो. पाहुणा ना मी इथं. बाकीचे दोन मनात म्हणतो. तू तर सरळ घरातल्यासारखी निघाली."

"चुकून झालं, काका."

"हाव. पण शेवटपर्यंत म्हटलं ते चुकून नाई."

परतीच्या स्कायट्रेनमध्ये काका एक डबा पुढे, नेहमीच्या जागी बसले. आम्हा तिघींना एकटं सोडायचं होतं त्यांना, हे मला नंतर कळलं. जसलीन फोटो बघत होती. ऋचा खिडकीबाहेर पाहत होती.

"म्हणजे गणपती..." ती शेवटी म्हणाली.

"आमच्याकडे बसत नाही. आम्ही बौद्ध आहोत."

"दीड दिवसाचा पण नाही?"

"नाही."

दोन स्टेशनं गेली.

"मी तीन तास कळ्या पाडत होते."

"माहीत आहे. चांगले झाले होते."

"चांगले नव्हते. फाटले होते सगळे." तिला हसू आलं नाही. मग तिने विचारलं, "तू मला घाबरलीस का?"

मी हो म्हणाले. ती यावर मी तशी नाही गं वगैरे म्हणेल, असं मला वाटलं होतं. ती तसं काही म्हणाली नाही. म्हणाली, "मी तो प्रश्न का विचारला, ते मला खरंच आठवत नाही. आई सगळ्यांना विचारते." त्या रात्री तिने माझ्या ताटात पोळी वाढली, ती रोजच्यासारखीच वाढली.

सहा दिवसांनी चौदा एप्रिल होती. आधीच्या वर्षी वडिलांचा कॉल मी वॉशरूमचं दार लावून, नळ सोडून घेतला होता. या वेळी फोन जेवणाच्या टेबलावर उभा केला. परभणीच्या रस्त्यावरचा ढोल आमच्या बेसमेंटमध्ये घुमला. वडिलांनी ऋचाला विचारलं की आमची पोरगी जेवते का नीट. ऋचाने माझी यथासांग तक्रार केली. जसलीन मागे नाचत होती, तिला कशाचं ते विचारायचीसुद्धा गरज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात शिरल्या शिरल्या मी काकांना जय भीम म्हणाले. मॅनेजर शेजारीच उभा होता. त्याने विचारलं, हे काय असतं? काका म्हणाले, आमच्याकडचं गुड मॉर्निंग, फक्त फार किंमत मोजून मिळवलेलं. मॅनेजरने मान हलवली. करवतीचं गिऱ्हाईक हलवतं तशीच.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात काकांचा गुडघा फारच दुखू लागला. त्यांची मुलगी लंडनला असते, ऑन्टारियोतल्या, तिथे हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. ती येऊन बाबांना घेऊनच गेली. निरोपाचं त्यांनी काहीच होऊ दिलं नाही. शेवटच्या दिवशीही चार करवतींना धार लावली, एप्रन घडी करून मॅनेजरला दिला. मी रडायला लागले तर अर्थातच त्यांनी विचारायचं तेच विचारलं, "बरं, मंग?" आता त्यांच्या काउंटरच्या जागी एक मशीन आहे. चावी आत ठेवा, बटण दाबा, दुसरी चावी बाहेर. करवती घेऊन येणाऱ्यांना नवीन घ्या असं सांगतात.

फोनवर ते फार बोलत नाहीत. तिथे थंडी जास्त आहे, जावई बरा आहे, एवढंच.

एप्रिलमध्ये फुलांच्या सणाला मी देवळात गेले. एकटीच गेले, ऋचाची परीक्षा होती. ज्या आजींनी काकांकडे कात्री दिली होती त्या दारात पुस्तकं वाटत होत्या. त्यांनी मला ओळखलं आणि पुस्तक नुसतं न देता पान उघडून दिलं. छापलेल्या तीन ओळींखाली पेन्सिलने सहा ओळी लिहिलेल्या होत्या. मोठी, सुटी इंग्रजी अक्षरं, पट्टी लावून मारल्यासारखी सरळ. आजींनी सांगितलं, जाण्याआधी फायलर-सान तीन गुरुवार येऊन बसत होते. धर्मगुरूंची परवानगी घेतली, सगळी पुस्तकं काढली, प्रत्येकात हाताने लिहिलं. आजींनी मदत करू का विचारलं तर नको म्हणाले. एकूण बहात्तर पुस्तकं.

मी शेजारच्या बाकावरचं पुस्तक उघडून पाहिलं. मग त्याच्या पुढचं. सगळ्यांत होतं. आणि सगळ्यांत शेवटच्या तीन ओळींत एकच चूक होती. ततियंपि हा शब्द त्यांनी ते स्वतः म्हणत तसा लिहिला होता, तत्यंपि.

घंटा वाजली. पहिल्यांदा म्हणून झालं आणि हॉल थांबला नाही. साठ-सत्तर म्हाताऱ्या आवाजांनी, पुस्तकात नाक खुपसून, अडखळत दुतियंपि म्हटलं. मग पान न उलटता पुढच्या ओळीवर गेले आणि तत्यंपि म्हणाले, सगळेच्या सगळे, नागपूरच्या उच्चारात. माझ्याकडे पेन होतं. मी ते काढलं नाही. मीही तत्यंपिच म्हणाले.